तुमची सत्तावीस, माझी नऊ

प्रभाकरराव,

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, आणि आता कुठे तुमच्याशी बोलायला मला सवड मिळाली. तुम्ही होतात तेव्हा बोलता बोलता मीच लाइन कापायचो. आता कापायला लाइनच उरली नाही, म्हणून हा एवढा धीर.

साडभावाबद्दल कोणी लिहीत नसतं. बायकोच्या बहिणीचा नवरा. लग्नात शेजारी शेजारी बसवायचा, टॉवेल-टोपी सारखीच द्यायची, आणि सासुरवाडीत कोणाचं पान आधी वाढलं यावरून दोघांनी मनातल्या मनात जळायचं, एवढंच ते नातं. तुम्ही थोरले जावई, मी धाकटा. तुम्ही देऊळगाव राजाच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, मी खामगावात बी-बियाणं आणि औषधांचं दुकान चालवणारा. ‘का’ विचारायचं तर तुम्ही ‘कामून’ म्हणायचे, मी ‘काऊन’. दोन टोकांच्या दोन माणसांना सासऱ्यांनी एका दावणीला बांधलं होतं, आणि खरं सांगतो, बरीच वर्षं मला तुमचा काही उपयोग वाटला नव्हता.

मग नांदुऱ्याचं ते लग्न आलं. मुहूर्त टळून गेला होता, नवरदेव अजून वरातीतच नाचत होता, आणि आपण दोघं मांडवात पंख्याखाली खुर्च्या पकडून बसलो होतो. तुम्ही एकदम म्हणालात, “विलासराव, विमान चालवता का?”

मी म्हटलं, “काऊन, भाड्यानं आणलं का?”

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कुठलीही गोष्ट शिकवताना हसत नसायचे. कॉम्प्युटरवर विमान चालवायचं, खरोखर असतं तसंच, काट्यांसकट. जग सगळं आत आहे. आत्ता जळगावला जो वारा सुटला असेल तोच तिथंही सुटलेला असतो. आणि आपण एकटे नसतो, जगभरची माणसं त्याच आभाळात असतात. मला हे सगळं पोरखेळ वाटलं. आठ दिवसांत मात्र मुलाचा जुना कॉम्प्युटर मी दुकानामागच्या गोदामात नेऊन बसवला होता. घरी सांगितलं की बिलं ऑनलाइन झाली आहेत, दुपारी जेवणानंतर तिथंच बसावं लागेल.

प्रभाकरराव, मला ते आवडलं होतं. इतकं आवडलं की त्याची लाज वाटायची. खामगावच्या बाजारात लोक मला कोणतं औषध कोणत्या पिकाला किती म्हणून विचारायला येतात. पन्नाशी उलटलेला हा माणूस बियाण्याच्या थैल्यांच्या आडोशाला बसून विमान-विमान खेळतो, हे कोणाला कळलं असतं तर? शेजारचा भांडेवाला जन्मभर मला ‘पायलटसाहेब’ म्हणाला असता. म्हणून मी लपवलं. तुम्ही मात्र घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, कानाला ते दोन वाट्यांचं यंत्र लावून भर दुपारी उडत होतात. येणारे-जाणारे खिडकीतून बघत, तुम्ही त्यांना मान हलवून नमस्कार करत होतात.

पहिलाच धडा तुम्ही धावपट्टीचा दिलात. मोठ्या विमानतळांवर कधीमधी कोणी हौशी माणूस कंट्रोलचं काम करायला बसतो, तो सांगतो कुठून उतरायचं. आपल्या जळगावच्या वाट्याला कोण येतो? तिथं आपलं आपणच ठरवायचं. पट्टी एकच, पण तिला तोंडं दोन. पूर्वेकडे तोंड करून उतरलं तर ती नऊ, पश्चिमेकडे तोंड करून उतरलं तर तीच सत्तावीस. कोणती घ्यायची ते वारा सांगतो, म्हणालात. मला वाटलं, वाऱ्याचं मला काय शिकवता? अख्खी हयात मी शेतकऱ्यांना वाऱ्याचंच सांगत आलो आहे.

आणि मी पश्चिमेचा वारा बघून, मोठ्या रुबाबात, नऊवर उतरायला निघालो. वारा मागून ढकलतोय, विमान काही केल्या खाली बसेना, पट्टी संपली, मी कुंपण तोडून तुरीत.

तुम्ही विचारलंत, “कामून पण? वारा पश्चिमेचा होता ना?”

“म्हणूनच तर! वारा पाठीवर घेतला मी.”

शिकवताना कधी न हसणारे तुम्ही एवढे हसलात की मला कानातलं काढून ठेवावं लागलं. “विलासराव, फवारणी करायलेत का तुम्ही?”

ते खरंच होतं. फवारणी करताना वारा पाठीवर घ्या, औषध तोंडावर येऊ देऊ नका, हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो. ते हाडात भिनलेलं. विमानाला मात्र वारा समोरून लागतो, तोंडावर, तरच ते हळू होऊन नीट टेकतं. तुम्ही समजावलंत, मी ‘हाव हाव’ म्हणालो, आणि पुढच्या वेळी पुन्हा नऊ. सुरतेकडून येताना नऊ समोरच पडायची, वळसा घालायचा आळस, आणि वर ही पाठीवरच्या वाऱ्याची खोड. तुम्ही तिकडून सत्तावीसला लागलेले असायचे, मी इकडून नऊला. एकाच पट्टीवर दोन साडभाऊ समोरासमोर. वारा तुमच्या बाजूचा, नियम तुमच्या बाजूचा, आधी आलेलेही तुम्हीच. तरी दर वेळी कानात तुमचाच आवाज यायचा, “मी वर जातो. तुम्ही उतरा.”

आपलं भांडण त्यावरूनच होतं, आणि ते मिटलं नाही. वारा जेमतेम असला तर कोणी ठरवायचं? मी म्हणायचो, विचारणारं कोणी नाही, ज्याला जी बाजू जवळ ती त्याची. तुम्ही म्हणायचे, “चौकात पोलीस नसला म्हणजे चौक आपला होत नाही. उलट जास्त बघावं लागतं.”

“खामगावात या, दाखवतो चौक कोणाचा असते ते.”

“कोण आधीपासून उतरू लागलं ते बघा. त्याच्या मागं लागा. आणि बोला. काय करणार ते सांगत राहा.”

“कोणाले सांगू? कुत्रं नाही तिथं.”

“तरी सांगायचं.”

आणि तुम्ही सांगायचे. बाहेरचं कोणी असलं की इंग्रजीत, आपण दोघंच असलो की मराठीत, आणि कोणीच नसलं तरी सांगायचे, हे मला फार पुढे कळलं. तिथं माणसाचं नाव घेत नाहीत, विमानाचा नंबर घेतात. नंबर, कुठून येतोय, कोणत्या तोंडाने उतरणार. शेवटी तुमची स्वतःची एक पुरवणी, जी कुठल्याच नियमात नव्हती. “कोणाची अडचण असेल तर सांगा, मी दुसऱ्या बाजूने येतो.” एवढं बोलून तुम्ही थांबायचे. खरोखर थांबायचे, जणू दार वाजवून उभे आहात. मला त्या थांबण्याचा राग यायचा. मी मुकाट्याने उतरून मोकळा व्हायचो.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला बसलो तेव्हा दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

दुपारी कधीतरी तुमची मेहुणी सुनीता चहा घेऊन गोदामात यायची. तिच्या बांगड्या वाजल्या की मी बटण दाबून सगळं बंद करायचो आणि बिलांचं पान उघडायचो. तुम्ही पलीकडे वाक्याच्या मध्ये असा, उतरण्याच्या मध्ये असा, मला काही घेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारायचे, “काल लाइट गेली होती का?” मी म्हणायचो, “हो ना, गेली.” खामगावच्या लाइटीवर कोणीही विश्वास ठेवतो. बिचारी लाइट माझ्यापायी किती बदनाम झाली. तुम्ही पुढे कधी काही विचारलं नाही, आणि मी समजत होतो की तुम्हाला पटतं.

मी गेल्यावर तुमच्याकडे काय होत होतं, ते मला तेरवीला कळलं.

जेवणं चालली होती. पंगतीत माझ्या शेजारी तुमचा धाकटा भाऊ मधुकर, समोर तुमच्या शाळेतले दोघं-तिघं, जालन्याहून आलेले मामा. मधुकर सांगत होता, “दादा शेवटी शेवटी भ्रमिष्टासारखा झाला होता. कानाला ते लावून एकटाच बोलायचा. मी खिडकीतून ऐकलं ना. ‘कोणी आहे का? ऐकू येतंय का? कोणी आहे का?’ समोर भिंत. माझ्या अंगावर काटा आला.”

मामा म्हणाले, “माणसाला आधी कळतं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. तुमचे शाळेतले सोबती तर हळहळले, एवढा हुशार माणूस, म्हणाले. मी वरणात पोळी कुस्करत होतो. ‘कोणी आहे का’ हे तुम्ही कोणाला विचारत होतात ते त्या मांडवात मला एकट्याला ठाऊक होतं, असं मी समजत होतो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. तो एकटा नव्हता, पलीकडे मी होतो, आणि चहा आला म्हणून मीच पळालो होतो. एवढंच.

मधुकर माझ्याकडे वळला. “भाऊ, तुमचं त्याचं बरं जमायचं. तुम्हाला काही जाणवलं का?”

आणि मी म्हटलं, “वय झालं की होते असं कधी कधी.”

गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी बोललो, आणि हे बोललो. तुमच्या घरात, तुमच्या तेराव्याच्या पानावर बसून. सुनीताच्या ताई पाण्याचं भांडं घेऊन आमच्या रांगेत आल्या होत्या. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि पुढे गेल्या. मला वाटलं, त्यांना दुःख झालं असेल, नवऱ्याबद्दल असलं ऐकून. मी किती मूर्ख आहे याचा अंदाज तुम्हाला होताच.

त्यानंतर गोदामात जाऊन बसायचो, पण कॉम्प्युटर चालू करवत नव्हता. तुम्ही शिकवलेलं एक-एक आठवायचं. आपण दोघं लोणारवरून उडालो होतो ते आठवायचं. त्या यंत्रात आपला जिल्हा म्हणजे नुसती तपकिरी चादर, त्यात लोणारचं तेवढं गोल तळं नीट काढलेलं. तुम्ही म्हणालात, “हे बघा, हे सरोवर. आता डावीकडे वळलं की तुमचं दुकान.” खाली काहीच नव्हतं, तरी मी वाकून बघितलं. त्या दिवशी मला कितीतरी वर्षांनी कोणाच्या तरी सोबत असल्यासारखं वाटलं होतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. दोन साडभाऊ असं बोलत नाहीत, म्हणून राहिलं.

मग ताईंचा फोन आला. “विलासराव, ते मशीन घेऊन जा.”

“मी? मी काय करू त्याचं?” बघा, तेव्हाही.

त्या म्हणाल्या, “या तर.”

चिखलीला गाडी बदलून मी देऊळगावला पोचलो. मधुकर अंगणात खाटेवर बसला होता, शेजारचे एक गृहस्थ त्याच्याशी बोलत होते. ताईंनी मला सरळ पुढच्या खोलीत नेलं. खिडकी उघडी, टेबलावर तुमचं यंत्र, त्याच्या पुढ्यात विमानाचा दांडा आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून तुमचाच एक रुमाल. कानातल्या दोन वाट्या खिळ्याला टांगलेल्या.

मी वायर काढायला वाकलो. ताई म्हणाल्या, “थांबा. आधी बसा.”

मी बसलो, तुमच्या खुर्चीवर.

“तुमचा आवाज ऐकला होता मी,” त्या म्हणाल्या. “एक डाव त्यायनं ते कानातलं माह्या कानाले लावलं. तुम्ही कोनावर तरी चिडून राह्यले होते. म्हणे, कुत्रं नाही तिथं.”

माझ्या हातातली वायर हातातच राहिली.

“मी म्हटलं, हे तर आपले विलासराव! तर त्यायनं बोट ठेवलं ओठावर. म्हणे, ते घरी सांगत नाहीत. आपण सांगायचं नाही. मी सुनीताले आजवर बोलली नाही.”

“पण मधुकर तर म्हणत होता...”

“तो त्याहीच्या तोंडावर म्हणे. दादा, एकटा काय बोलतोस. हे हासत. मी म्हणो, सांगून टाका ना, विलासराव असतात म्हणून. तर म्हणत, म्हणू दे त्याले. मले काय फरक पडते? विलासरावले पडते.”

प्रभाकरराव, तुम्ही आभाळात मला पट्टी सोडत होता हे मला ठाऊक होतं. तुम्ही तुमच्या घरात, तुमच्या भावासमोर, वेडे ठरूनसुद्धा मला वाट देत होता, हे ठाऊक नव्हतं. लाइट गेली होती का, असं विचारायचे तेव्हाही तुम्ही उत्तर आधीच माझ्या हातात ठेवत होता. मला कधी खोटं शोधावंसुद्धा लागलं नाही.

मी म्हटलं, “ताई, माझं चुकलं.”

त्या रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, “तेरवीले मी पाणी घेऊन उभी राह्यली तुमच्यापाशी. मले वाटलं, आता तुम्ही बोलसान.”

अंगणातून मधुकरचं हसणं ऐकू येत होतं, रोजचंच काही चाललं असावं. मी खिळ्यावरच्या त्या वाट्या बघितल्या, पण घेतल्या नाहीत. यंत्र सुरू केलं आणि आवाज बाहेर सोडला, मोठा. तुम्ही सगळं मांडून ठेवलं होतंत, माझ्यासारख्या आंधळ्यालाही सापडेल असं. जळगाव. वारा पश्चिमेचा, बऱ्यापैकी. आसपास कोणी दिसत नव्हतं. इंजिनाच्या आवाजाने मधुकर दारात आला, त्याच्या मागे ते शेजारचे गृहस्थ.

“भाऊ? तुम्ही कोणाशी बोलणार आता?”

“तुझा दादा एकटा बोलत नव्हता मधुकर,” मी म्हटलं. “माझ्याशी बोलत होता. रोज दुपारी. ‘कोणी आहे का’ म्हणायचा, ते मलाच. मी मध्येच बंद करून पळायचो, घरच्यांनी बघू नये म्हणून.”

तो बघत राहिला. मला वाटलं, तो ओरडेल. त्याने ओरडायला हवं होतं.

“मग तेरवीला कामून नाही बोलले?”

तुमचा ‘कामून’, प्रभाकरराव. तोच सूर, तशीच मान वाकडी, खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखी. ज्या प्रश्नाऐवजी तुम्ही दर वेळी लाइटीचं विचारायचे, तो तुम्ही भावाच्या तोंडून मला दारात उभे राहून विचारलात.

“लाज वाटली,” मी म्हटलं. “विमान खेळतो याची. आणि आता ती कशाची वाटते, ते तुला सांगायची गरज नाही.”

शेजारचे गृहस्थ हळूच निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असेल, आणि खामगावला पोचायलाही वेळ लागायचा नाही. मधुकर आत आला, टेबलाच्या कडेला टेकला. मग म्हणाला, “दाखवा बरं. तो कसा बोलायचा ते.”

समोर नऊ होती. सरळ, जवळ, नेहमीसारखी. मी विमान वळवलं आणि सगळा वळसा घालून पूर्वेकडून आलो, सत्तावीसला, वारा तोंडावर घेऊन. मी बोलायचं बटण दाबलं. नंबर सांगितला, कुठे आहे ते सांगितलं, कोणत्या तोंडाने उतरणार ते सांगितलं. दारात ताई उभ्या होत्या.

“कोणाची अडचण असेल तर सांगा,” मी म्हटलं, “मी दुसऱ्या बाजूने येतो.”

आणि तुम्ही थांबायचे, तेवढा थांबलो.